मुरंब्यात आंबा शोधू नका

प्रश्न असा आला आहे: ‘आमच्या गावी, उमरेडकडे, आवळ्याच्या मुरंब्याला मोरावळा म्हणतात. वऱ्हाडातले पाहुणे मोरावया म्हणतात. बाजारातल्या डब्यावर आवळा मुरब्बा असं छापलेलं असतं. आमचे एक गुरुजी म्हणायचे की मुरंबा म्हणजे मुरलेला आंबा, म्हणून आवळ्याचा मुरंबा म्हणणं चूक. मग बरोबर शब्द कोणता? आणि साखरांबा व मुरंबा यांत फरक काय?’

‘मोरावया’चं कोडं सोपं आहे. वऱ्हाडीत ळ चा य होतो. डोळ्याचा डोया, काळ्याचा काया, तसा मोरावळ्याचा मोरावया. शब्द एकच आहे, पुढे जाऊ.

‘मुरलेला आंबा तो मुरंबा’ हे मात्र ऐकून ऐकून कान किटले. पाककृतींच्या सदरांत, डब्यांच्या लेबलांवर, मराठी दिनाच्या भाषणांत हीच व्युत्पत्ती फिरत असते. दिसायला गोंडस आहे, पण खोटी आहे. बंगालीत ‘मोरब्बा’ आहे आणि बीरभूम जिल्ह्यातलं सिउडी गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे तो कोहळ्याचाही करतात. फारसीत ‘मुरब्बा’, अझरबैजानात ‘म्युरब्बे’, जॉर्जियात ‘मुराबा’. तिकडे अक्रोडाचा करतात, चेरीचा करतात. जिथे आंब्याचं झाड उगवत नाही तिथल्या शब्दाच्या पोटात आंबा कुठून आला? याला उत्तर न देता संस्कृतात मूळ शोधणाऱ्यांनी आधी नकाशा उघडावा.

मूळ अरबी आहे. ‘रब्बा’ हे क्रियापद, अर्थ वाढवणे, पोसणे, वळण लावणे. उर्दूतला ‘तरबियत’ म्हणजे संगोपन, तोही याच धातूचा. त्याचं कर्मणी रूप ‘मुरब्बा’, म्हणजे पोसलेला, साखरेत जोपासलेला. आणि कर्तरी रूप? ‘मुरब्बी’! पोसणारा, पालक, आश्रयदाता. गुजरातीत वडीलधाऱ्यांना पत्र लिहिताना आजही मायना ‘मुरब्बी’ असा घालतात. मराठीत त्याचा अर्थ सरकत सरकत अनुभवी, कसलेला इथवर आला. म्हणजे ‘मुरब्बी नेते’ आणि ‘आवळ्याचा मुरब्बा’ हे सख्खे भाऊ आहेत, एक पोसणारा आणि एक पोसलेला. ‘राजकारणात मुरलेला तो मुरब्बी’ असं लिहिणाऱ्यांनी मुरंब्याचीच चूक दुसऱ्यांदा केली आहे.

ही जोडी एकटी नाही. कोर्टकचेरीतला ‘मुद्दई’ म्हणजे दावा करणारा, आणि ज्याचा दावा केला तो ‘मुद्दा’. शेवटी ई आली तर करणारा, आ आला तर केलेला. मुद्दई-मुद्दा, मुरब्बी-मुरब्बा. अरबीचं व्याकरण असं आपल्या जिभेवर बसलेलं असतं आणि आपण त्याला मराठी समजून वापरतो.

एक खबरदारी घ्या. ‘रब्बी’ हंगामाचा इथे संबंध जोडू नका. तो ‘रबी’ म्हणजे वसंत ऋतू, त्याचा धातू वेगळा. पंजाबात २५ एकरांच्या तुकड्याला ‘मुरब्बा’ म्हणतात तोही वेगळा, त्याचा अर्थ चौकोन. अरबीत या दोघांच्या शेवटी ‘ऐन’ हे कंठातलं अक्षर आहे. नागरी लिपीत ते गळून पडतं आणि तीन वेगळे शब्द एकसारखे दिसू लागतात.

आता माझ्या आवडीचा भाग. मराठीने मुरब्ब्याचा मुरंबा का केला? माझं मत असं की घरात आधीच रांग लागलेली होती: गुळांबा, साखरांबा, मेथांबा. हे तिन्ही खरेखुरे जोडशब्द आहेत, गूळ आणि आंबा, साखर आणि आंबा, मेथी आणि आंबा. त्यांच्या शेजारच्या बरणीतला परका मुरब्बा त्याच रांगेत ओढला गेला आणि त्याच्या शेवटीही ‘अंबा’ ऐकू येऊ लागला. उरलेला ‘मुर’ मग ‘मुरणे’चा वाटणारच, कारण साखरेत फळ मुरतंच.

इथवर बरेच जण मान्य करतात. पुढचा पुरावा मात्र कुणी घेत नाही, आणि तो तर प्रश्नातच आहे: मोरावळा! ज्यांनी मुरंबा ‘मुर’ आणि ‘आंबा’ असा तोडला त्यांनी आंबा काढून त्या जागी आवळा बसवला. मुरंब्याला मोरंबाही म्हणतात; मोरंबा, म्हणून मोरावळा. व्युत्पत्ती चुकीची, पण त्या चुकीतून अस्सल मराठी शब्द जन्मला. बेलाचा मुरंबा होतो, गाजराचा होतो, पण ‘मोरबेल’ किंवा ‘मोरगाजर’ कुणी म्हणत नाही. का? कारण आंब्याच्या जागी सांधा न दाखवता बसायला फळ ‘आ’नेच सुरू व्हायला हवं. आवळा नेमका तसा. एका शब्दकोशप्रेमी मित्राचं म्हणणं की हा योगायोग आहे, आवळ्याचा खप जास्त म्हणून त्याला वेगळं नाव मिळालं. खपच पाहायचा तर लिंबाच्या लोणच्यालाही वेगळं नाव हवं होतं. ते का नाही, हे त्यांनी सांगावं.

(आवळा हा ‘आमलक’वरून. मधल्या म चा व झाला, जसा ग्रामचा गाव आणि नामचा नाव.)

डब्यावरच्या ‘मुरब्बा’ला हिंदीचं आक्रमण म्हणून नाक मुरडणाऱ्या पुणेकर शुद्धिवाद्यांनी थोडं थांबावं. वऱ्हाड निजामाकडे होतं आणि १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभारात गेलं. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी मुलखासकटच्या प्रांताची राजधानी होतं. विदर्भात ‘मुरब्बा’ टीव्हीवरून आलेला नाही, आणि मूळ रूपाच्या तोच जास्त जवळ आहे.

आता ‘मुरणे’. व्युत्पत्ती म्हणून ते खोटं असलं तरी वर्णन म्हणून पक्कं आहे, आणि ज्यांचा मोरावळा बिघडतो त्यांचा याच क्रियापदापाशी बिघडतो. एक किलो मोठे, डाग नसलेले आवळे घ्या. बांबूच्या काडीने किंवा स्टीलच्या काट्याने बीपर्यंत टोचे मारा. लोखंडी दाभण नको, आवळ्यातला तुरट अंश लोखंडाला लागून काळा पडतो. मग रात्रभर चुन्याच्या निवळीत ठेवा: एक लिटर पाण्याला चहाचा एक चमचा खायचा चुना, आणि तळाचा गाळ न हलवता वरचं पाणी तेवढं घ्यायचं. चुन्यातलं कॅल्शियम फळातल्या पेक्टिनला बांधतं, म्हणून आवळा शिजूनही फुटत नाही. काही घरी तुरटीचं पाणी घेतात. काहीही घेतलं तरी तीन-चार पाण्यांनी धुणं चुकवू नका. मग उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं. पाकळ्यांच्या रेषा उमटल्या की बाहेर, पाकळ्या सुटल्या तर उशीर झाला.

साखर सव्वा किलो. आवळे आणि साखर थराथराने रचून एक दिवस ठेवा. सुटलेला पाक पातळ असतो. दुसऱ्या दिवशी आवळे काढून तो थोडा आटवा, कोमट झाला की आवळे परत घाला. तिसऱ्या दिवशी तेच करा, आणि मगच पाक मधासारखा दाट होऊ द्या. घाईने पहिल्याच दिवशी दोनतारी पाकात टाकलेला आवळा आक्रसतो आणि चामड्यासारखा होतो. दाट पाक फळातलं पाणी झपाट्याने ओढून घेतो, साखर मात्र तितक्या वेगाने आत शिरत नाही. पायरीपायरीने केलं की पाणी बाहेर आणि साखर आत असा व्यवहार बरोबरीने चालतो. ‘मुरणे’ म्हणतात ते हेच. शेवटी पाक पातळ राहिला तर बरणी फसफसते, म्हणजे मुरायच्या ऐवजी आंबते. पाकात साखर धरू लागली तर अर्ध्या लिंबाचा रस घालून एक उकळी काढा. चिनी मातीची बरणी उन्हात कडक वाळवलेली हवी आणि तोंडाला दादरा, म्हणजे फडकं, बांधलेला. पंधरा दिवसांआधी उघडू नका.

तेव्हा गुरुजींचा आक्षेप बाद. आवळ्याचा मुरंबा, आवळा मुरब्बा, मोरावळा, तिन्ही बरोबर. मला विचाराल तर मोरावळा म्हणा.

साखरांब्याचं राहिलंच. कीस असेल तर साखरांबा, फोडी अख्ख्या राहिल्या तर मुरंबा, असं मी धरतो. शेजारच्या घरात उलट असलं तरी भांडू नका. किसाला वाटीस सव्वा ते दीड वाटी साखर, कैरीच्या आंबटपणानुसार, आणि एकतारीच्या थोडं पुढे गेलं की खाली उतरवा. दोनतारी झाला की गार झाल्यावर चमचा रुतत नाही.