निदान झाले, मग पुन्हा तपासण्या कशासाठी?

प्रश्न : माझ्या वहिनींच्या स्तनातील गाठीच्या बायोप्सीत कर्करोग निघाला. आता डॉक्टरांनी आधी आयएचसी आणि त्यानंतर 'फिश' ही तपासणी सांगितली आहे. निदान झालेले असताना हा खर्च आणि उशीर कशासाठी? सीए १५-३ या रक्ततपासणीने काम भागणार नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : गाठ कर्करोगाची आहे, एवढेच पहिल्या अहवालाने सांगितले; ती कोणत्या औषधाला दाद देईल, हे ठरायचे आहे. म्हणून या तपासण्या टाळू नका, असे मी कळकळीने सांगेन.

सुईने काढलेला तुकडा किमान ६ तास फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणाच्या ठोकळ्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये बसवतात आणि त्याचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आयएचसीमध्ये त्याच ब्लॉकच्या नव्या कापांवर प्रतिपिंडे सोडली जातात आणि ज्या पेशींत ईआर, पीआर (स्त्री-हार्मोनना प्रतिसाद देणारी) किंवा हर-२ (पेशींच्या वाढीला चालना देणारे) ही प्रथिने असतात, तिथे सहसा तपकिरी रंग उमटतो. ईआर १ टक्का किंवा त्याहून अधिक पेशींत दिसले, तर हार्मोनविरोधी गोळ्यांचा विचार होऊ शकतो. हर-२ चा निकाल ० किंवा १+ आला तर निगेटिव्ह आणि ३+ आला तर पॉझिटिव्ह धरतात. २+ मात्र अधांतरी असतो. वहिनींना 'फिश' सांगितली आहे, त्याअर्थी निकाल बहुधा हाच असावा. या तपासणीत पेशीतील हर-२ जनुकाच्या प्रती चमकणाऱ्या ठिपक्यांच्या रूपात प्रत्यक्ष मोजतात. हर-२ पॉझिटिव्ह असल्यास दिले जाणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध महाग आहे, काहींच्या हृदयावर ताणही आणते. ते अंदाजाने देणे किंवा गरज असताना न देणे, दोन्ही गैरच.

सीए १५-३ मात्र निदानासाठी नाही. सुरुवातीच्या कर्करोगात ते अनेकदा सामान्य असते आणि यकृताच्या आजारातही वाढू शकते.

दुसरे मत हवे असल्यास सहसा पुन्हा सुई टोचावी लागत नाही. प्रयोगशाळेकडून ब्लॉक, स्लाइड आणि मूळ अहवाल लेखी अर्ज करून मागून घ्या, ब्लॉक उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका आणि दुसरीकडे देताना त्यावरील क्रमांकासह पोचपावती घ्या.