फोर्क बदलताय? आधी मोजपट्टी काढा

मित्रा, माउंटन बाइकचा सस्पेन्शन फोर्क (पुढचं चाक धरून धक्के झेलणारा भाग) घेताना ट्रॅव्हलच्या, म्हणजे तो किती दबतो त्याच्या, आकड्याला भुलू नकोस. १६० मिमीचा फोर्क भारी वाटतो खरा, पण फ्रेम १३० साठी बनलेली असेल तर सायकलचं पुढचं टोक उचललं जातं. साधारण २० मिमी उंची वाढली की हेड अँगल (फोर्क जिच्यात बसतो त्या फ्रेमच्या हेड ट्यूबचा जमिनीशी कोन) जवळपास एक अंशाने कमी होतो. मग चढावर पुढचं चाक भरकटतं आणि हेड ट्यूबवर ताणही वाढतो. फ्रेम बनवणाऱ्यांनी जी मर्यादा दिली आहे ती पाळ.

मग बसतो का ते बघ: स्टिअरर (फोर्कची हेड ट्यूबमधून वर जाणारी नळी) सरळ की टेपर्ड (खाली रुंद होणारा), चाक २९ की २७.५ इंची, हब (चाकाचा मधला भाग) १५×११० मिमी बूस्ट, म्हणजे रुंद, की जुना १०० मिमी. वापरलेला फोर्क घेत असशील तर स्टिअररची लांबी आधी मोज. एकदा कापलेला पुन्हा वाढत नाही.

पैसे मात्र डॅम्परवर (फोर्कच्या दबण्या-उसळण्याचा वेग आवरणारा भाग) घाल. दगडाळ उतारावर हात बधिर होतात, ब्रेक दाबला की पुढचा भाग खाली बसतो, यातलं बरंचसं चांगल्या डॅम्परने सुटतं. (जुन्या फोर्कची सर्व्हिसिंग कधी केली होतीस? आधी तेवढंच करून बघ, कदाचित खर्चच वाचेल.)

नवा बसवल्यावर सॅग (तू सायकलवर बसल्यावर फोर्क जितका दबतो तो) ट्रॅव्हलच्या १५ ते २० टक्के ठेव, हवा शॉक पंपानेच भर. रिबाउंड (दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग) एकेक क्लिक बदलत तोच उतार पुन्हा पुन्हा मार, फरक हाताला कळतो.