कुठल्या पानावर, ते सांग

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. एवढा लांबलचक मेसेज लोक भांडण काढायला पाठवतात. तू पुस्तकापायी पाठवलास, म्हणून उत्तर पत्रानेच देतो. डॅन ब्राऊनचं 'द दा विंची कोड' तू दोन रात्रींत संपवलंस. तिसऱ्या दिवशी विद्यापीठात त्याचं नाव काढलंस, तर सर हसले. मग घरी येऊन त्या पुस्तकाला लोकांनी घातलेल्या शिव्या नेटवर शोधून शोधून वाचल्यास. आता राजारामपुरीतल्या तुमच्या वाचक कट्ट्यावर, एवढा गाजावाजा होण्याइतकी ही कादंबरी मोठी आहे का, यावर तुला बोलायचंय. आणि मला विचारतेस, "काका, आवडलं असं म्हणू की नको?"

अगं, आवडलं ते आवडलं. त्याची परवानगी माझ्याकडे कसली मागतेस? मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. एवढ्या मोठ्या मेसेजात एकाही पानाचा उल्लेख नाही. 'ग्रिपिंग आहे', 'पण शॅलो आहे म्हणतात', 'भाषा अगदीच सुमार आहे म्हणतात'. कोण म्हणतात? कुठल्या पानावर सुमार आहे? सरांनी सांगितलं का? नाही. तू विचारलंस का? तेही नाही. ते हसले आणि तू गप्प बसलीस.

आपल्या कोल्हापुरात निदान हे तरी चालू नये. खासबागेतनं कुस्ती बघून बाहेर पडणारा माणूस नुसतं 'भारी झाली' म्हणत नाही. ढाक कुणी लावली, समोरच्याचा तोल कुठल्या पायावर गेला, तो घिश्श्यात कसा सापडला, हे सांगतो. शाहू महाराजांनी १९१२ साली मैदान बांधलं तेव्हापासून चार पिढ्या हेच सांगत आल्या. पुस्तकाच्या बाबतीतच आपली जीभ का जड होते कोण जाणे. पान दाखव. चांगलं म्हणायचंय तर पान दाखव, वाईट म्हणायचंय तरी पान दाखव. माझ्याकडे द्यायला एवढीच एक गोष्ट आहे आणि ती मी तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे.

तुला माहीत आहे, माझी उमेदीची वर्षं वाचनालयाच्या काउंटरमागे गेली. परत आलेलं पुस्तक हातात घेतलं की मी आधी त्याची कड बघायचो. बक्षीस मिळालेल्या काही जाडजूड कादंबऱ्यांची पहिली पन्नास-साठ पानं मळलेली असायची आणि पुढची कोरी करकरीत. तीच कादंबरी नेणारे 'अप्रतिम हो!' म्हणून परत करायचे. रहस्यकथेची कड मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी काळी. बाबूराव अर्नाळकरांच्या 'झुंजार' आणि 'काळा पहाड'च्या जुन्या बांधणीतल्या प्रती आमच्याकडे होत्या, त्यांचे कोपरे अंगठ्याने इतके गोल झाले होते की पानांचे आकडे गेले होते. कुणीतरी हलकटाने पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असायचं, तरीही लोक न्यायचेच. या माणसाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि माणसं त्या पायरीवर बसून वाचून संपवायची. वाचक तोंडाने काय बोलतो यावर माझा तेव्हापासून विश्वास नाही. पुस्तकाची कड खोटं बोलत नाही.

आता तुझं पुस्तक.

सुरुवातीला जा. पॅरिसच्या लूव्हर म्युझियमची ग्रँड गॅलरी, रात्रीची वेळ, शहात्तर वर्षांचा क्युरेटर धडपडत येतो आणि कारावाज्जोचं एक चित्र भिंतीवरून ओढून खाली पाडतो. का? अलार्म वाजावा, लोखंडी दार पडावं आणि मारेकरी पलीकडे अडकावा म्हणून. तरी पोटात गोळी लागतेच. जगायला जेमतेम पंधरा मिनिटं उरलीत आणि एक गुपित कुणाच्या तरी हवाली करायचंय. पुढे पुस्तकात जे काही घडतं ते सगळं या पंधरा मिनिटांत त्याने काय केलं याच्या शोधातून निघतं. हे काम येरागबाळ्याचं नाही. पण याच प्रसंगाचं अगदी पहिलं वाक्य इंग्रजीतनं वाच. 'सुविख्यात क्युरेटर' अशीच सुरुवात, पेपरातल्या निधनवार्तेसारखी. भाषेचे जाणकार या वाक्यावर हसले ते उगीच नाही. म्हणजे एकाच प्रसंगात रचना पक्की आणि वाक्य कच्चं. बघ, पान दाखवलं की 'सर बरोबर की मी बरोबर' हा प्रश्नच उरत नाही. दोघंही अर्धे अर्धे बरोबर निघता, आणि सरांनी अर्धंच बघितलं हेही कळतं.

पहिल्या प्रकरणाचा शेवट आठव. हॉटेलात पोलीस लँग्डनला, म्हणजे कथेच्या नायकाला, प्रेताचा फोटो दाखवतो. प्रेत विचित्र पडलेलं आहे. हे कुणी केलं असेल, असं लँग्डन म्हणतो, आणि पोलीस सांगतो की हे त्या म्हाताऱ्याने स्वतःच स्वतःचं करून घेतलंय. प्रकरण संपलं. इथे लँग्डनलाही माहीत नाही आणि तुलाही नाही, दोघं बरोबरच चक्रावता. याला मी रहस्य म्हणतो.

याच्या उलटं पान हवंय? सोफीचं बघ, त्या क्युरेटरच्या नातीचं. दहा वर्षांपूर्वी आजोबांच्या घरी तिने काहीतरी पाहिलं आणि त्यांच्याशी बोलणं तोडलं. ही आठवण पुस्तकात पुन्हा पुन्हा येते, आपण तिच्या डोक्यात बसलेलो असतो, ती आठवायला लागते आणि लेखक खटकन दार लावून घेतो. निम्म्याहून जास्त पुस्तक हेच चालतं. तिला माहीत आहे, लेखकाला माहीत आहे, फक्त आपल्याला सांगायचं नाही. हे रहस्य नव्हे, ही लपवाछपवी. एकशेपाच प्रकरणं आहेत त्यात, बरीचशी दोन-चार पानांची. पेन्सिल घे आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी समासात लिही, 'र' की 'ल'. पुस्तक स्वतःचं घे म्हणजे झालं, वाचनालयाचं नको. मोजलंस की तुला जे कळेल ते सांगणारा सर या जिल्ह्यात मिळणार नाही.

आणि ते विमानातलं पान, ते तर मी मोठ्याने वाचून दाखवतो लोकांना. हार्वर्डचा चिन्हशास्त्राचा प्राध्यापक लँग्डन आणि आयुष्यभर होली ग्रेलचा, म्हणजे येशूच्या पवित्र पात्राचा, विषय धरून बसलेला इंग्रज इतिहासकार, दोघं एका लिपीकडे बघून डोकं खाजवत बसतात. ही कुठली प्राचीन सेमिटिक भाषा असेल? आणि ते असतं आरशात वाचायचं उलटं अक्षर! लिओनार्दो उलटं लिहायचा हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, आणि पुस्तकाच्या नावातच तो बसलाय. इथे लेखकाने वाचकाला शहाणं वाटावं म्हणून विद्वानांना येडं केलंय. तू वाचताना ओरडली असशील, 'अरे आरसा धरा की!' ओरडलीस ना? मग ते ओरडणंसुद्धा त्याने बेतलेलं आहे. राग यावा की कौतुक करावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गाजावाजाबद्दल फार बोलू नकोस, तो विषय पोकळ आहे. थोडं माहीत असू दे म्हणून सांगतो. डॅन ब्राऊनच्या आधीच्या तीन कादंबऱ्या फारशा चालल्या नव्हत्या. २००३ मध्ये ही आली तेव्हा प्रकाशकाने दहा हजाराच्या आसपास प्रती आधीच समीक्षकांना आणि दुकानदारांना फुकट वाटल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात ती न्यू यॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत वर गेली त्यामागे हे होतं. पुढे २००५ मध्ये इटलीतल्या एका कार्डिनलने हे पुस्तक वाचू नका, विकत घेऊ नका असं जाहीर सांगितलं. झालं! ज्यांना घ्यायचं नव्हतं त्यांनीही घेतलं. पण फुकट प्रती वाटून आणि बंदीची भाषा करून पुस्तक हातात पडतं, एकशेपाचाव्या प्रकरणापर्यंत कुणी पोचत नाही. आठ कोटींच्या घरात प्रती खपल्या. माझ्या काउंटरवर मराठी अनुवादाच्या प्रतीची कड शेवटपर्यंत काळी होती, ते मी स्वतः पाहिलंय.

एका पानाला मात्र मी माफ करत नाही. कादंबरी सुरू व्हायच्या आधीचं ते पान, ज्याच्यावर 'सत्य' असं लिहिलंय. प्रायरी ऑफ सायन ही १०९९ मध्ये स्थापन झालेली खरी संघटना आहे, आणि पुस्तकातली चित्रं, इमारती, कागदपत्रं, गुप्त विधी यांची वर्णनं अचूक आहेत, असं तिथे छापलंय. प्रत्यक्षात त्या नावाची संस्था पिएर प्लांतार नावाच्या गृहस्थाने १९५६ मध्ये फ्रान्समध्ये नोंदवली, आणि तिची प्राचीन परंपरा सांगणारी बनावट कागदपत्रं साठच्या दशकात पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवली गेली. ग्रंथालयात! माझ्यासारख्या माणसाला हे किती लागत असेल ते तूच समज. लूव्हरच्या पिरॅमिडला सहाशे सहासष्ट काचा आहेत असं पुस्तक सांगतं. म्युझियमच्या हिशेबाने त्या ६७३ आहेत. कादंबरीत काहीही लिहावं, माझी हरकत नाही. सहाशे सहासष्टच काय, सहा हजार लिही. पण आधी 'हे सत्य आहे' असा शिक्का मारायचा आणि मग थापा मारायच्या, हे बरोबर नाही. तुझ्या मैत्रिणीने म्हणे ते खरं धरलं. तिच्यावर हसू नकोस. तिला ते पान दाखव आणि मग ही १९५६ची तारीख सांग.

'भाषा वाईट, तरी आवडलं, म्हणजे माझीच अभिरुची वाईट' असा एक हिशेब तू मांडला आहेस. कसला हिशेब हा? घड्याळजीला तू घड्याळ बघून जोखतेस की त्याचं अक्षर बघून? वेळ जुळवण्याचं काम या लेखकाला येतं. वाक्याचं काम येत नाही. दोन्ही येणारे लेखक असतात, ते वाच की पुढे. माझ्यापाशी यादी मागू नकोस, मी यादी देत नाही. कपाट उघडं आहे.

आता माझं थोडं ऐक. रहस्यकथा वाचकाला कशी धरून ठेवते, यावर मी एकदा लेख लिहिला होता. पंधरा-सोळा पानं, प्रत्येक मुद्द्याला प्रकरण आणि पान दिलेलं. एका मासिकाकडे नेला. संपादक म्हणाले, "विषय हलका आहे, पण तुम्ही लिहिता बरं. पानांचे उल्लेख काढा, थोडं वैचारिक करा, बघू." म्हणजे जे खरं होतं ते काढा आणि जे कुणालाही लिहिता येईल ते घाला. मी लेख पिशवीत घातला आणि घरी आणला. तो आजतागायत कपाटात आहे. बायको म्हणायची, "पानं काढली असती तर काय बिघडलं असतं? नाव तरी छापून आलं असतं." बिघडलं असतं. मला आजही तसंच वाटतं. दुसरीकडे कुठे पाठवला नाही, याची रुखरुख मात्र आहे, ती तुझ्याजवळ लपवत नाही. त्यानंतर मी लिहिलं नाही. पण वाचनालयाच्या निवड समितीत 'असली पुस्तकं कशाला' म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी विचारत राहिलो, असली म्हणजे कसली, पान सांगा. लोकांना ते उद्धट वाटायचं. वाटू दे. त्या उद्धटपणामुळे चार कपाटं रहस्यकथा शिल्लक राहिल्या, आणि त्यातल्याच एका कपाटाशी तू नववीत असताना फतकल मारून बसायचीस.

बरं, कामाचं. तुला बोलायला पंधरा मिनिटं आहेत, म्हणजे त्या क्युरेटरएवढीच. सुरुवातीचा प्रसंग, पहिल्या प्रकरणाचा शेवट, सोफीची आठवण, विमानातली लिपी आणि ते 'सत्य'चं पान, एवढं भरपूर झालं. चिठ्ठ्या घालून पुस्तक बरोबर ने आणि वाचून दाखव, आठवून सांगू नकोस. सर आले असतील तर त्यांच्याशी आदराने बोल, पण पान विचारल्याशिवाय सोडू नकोस.

आणि लंडनच्या खटल्याची गोष्ट सांगू नकोस. १९८२ च्या एका पुस्तकाच्या तीन लेखकांपैकी दोघांनी, आमची कल्पना चोरली म्हणून या कादंबरीच्या प्रकाशकावर दावा लावला, २००६ मध्ये तो फेटाळला गेला, आणि न्यायमूर्तींनी निकालपत्रातच तिरप्या अक्षरांत स्वतःचा एक सांकेतिक संदेश दडवून ठेवला. गोष्ट झकास आहे, मोह होईल तुला. पण ती सांगितलीस की लोक घरी जाताना तेवढीच घेऊन जातील, तुझी पानं राहतील बाजूला. चहाच्या वेळी सांग हवं तर.

तुझा,
काका