सातवा-आठवा सिलिंडर का तापतो? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

एका रांगेत आठ सिलिंडर असलेल्या जुन्या अमेरिकी इंजिनांविषयी, म्हणजे स्ट्रेट-एटविषयी, सोलापूर परिसरातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : आजोबांनी घेतलेली १९४८ ची आठ सिलिंडरची पाँटियाक आम्ही अजून चालती ठेवली आहे. मार्च उलटला की सात रस्त्याच्या सिग्नलला दोन मिनिटे थांबले तरी तापमानाचा काटा वर चढतो. रेडिएटरची जाळी नवी बसवली, थर्मोस्टॅट काढून टाकला, तरीही दोन वर्षांत दोनदा हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधला पातळ थर) जळाले आणि दोन्ही वेळा मागच्याच टोकाला. हे इंजिन आपल्या हवेसाठी नाही, असे मिस्त्री म्हणतात. ते खरे आहे का? (वाचक, होटगी रस्ता)

उत्तर : मिस्त्रींचे हे मत मला मान्य नाही. हीच इंजिने टेक्सास आणि ॲरिझोनाच्या उन्हात वर्षानुवर्षे चालली, आणि तेथील उन्हाळा आपल्या एप्रिल-मेपेक्षा सौम्य नसतो. गॅस्केट दोन्ही वेळा मागे जळाले, या तुमच्या एका वाक्यातच दुखण्याचा पत्ता आहे.

आपल्याकडे कालव्याला पाणी सुटले तरी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या वाट्याला किती येते, हे उजनीच्या लाभक्षेत्रात कोणालाही विचारावे. स्ट्रेट-एटमध्ये सातवा आणि आठवा सिलिंडर हे टेलचे शेतकरी असतात. वॉटर पंप पुढच्या टोकाला, रेडिएटरही पुढेच, त्यामुळे थंड पाणी शेवटच्या सिलिंडरपर्यंत आपोआप पोहोचेल असे गृहीत धरता येत नाही. त्यातच तुमच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये आहेत, म्हणजे जळालेला वायू ब्लॉकच्या पोटातूनच बाहेर जातो आणि जाता जाता बरीचशी उष्णता पाण्याला देऊन जातो. हे ओळखूनच पाँटियाकच्या अभियंत्यांनी ब्लॉकमध्ये लांबीभर एक पत्र्याची नळी घातली होती. तिला ठरावीक अंतरावर भोके असतात, आणि पंपाचे थंड पाणी त्या भोकांतून थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकींकडे फेकले जाते.

ही नळी गंजते. पुढच्या भागात ती सडून फुटली की सगळे पाणी तेथेच बाहेर पडते आणि मागे काही उरत नाही. बाहेरून मात्र यातले काहीच दिसत नाही. रेडिएटर नवा, बेल्ट घट्ट, पंप फिरता, आणि तरी गाडी तापते. गेल्या वर्षी अशाच एका गाडीतून मी नळी ओढायला घेतली, तेव्हा आकड्याला अडकून वीतभर तुकडा बाहेर आला आणि बोटांत धरताच भिजलेल्या पापडासारखा मोडला. उरलेले तुकडे काढण्यात दीड दिवस गेला.

तपासणी अगदी साधी आहे. गाडी पूर्ण तापवा, उभी ठेवून चालू द्या, आणि लांबून तापमान मोजणारी थर्मामीटर-गन ब्लॉकच्या बाजूने पहिल्या सिलिंडरपासून आठव्यापर्यंत फिरवा. आकडा पुढून मागे सतत चढत गेला, तर नळी गेली आहे किंवा मागे गाळ साचला आहे. बहुतेक वेळा दोन्ही असते. मग रेडिएटर आणि वॉटर पंप उतरवून नळी समोरून ओढावी लागते. ती निघाल्यावर ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या गोल टोप्या काढून आतला गाळ तारेने खरवडावा आणि दाबाच्या पाण्याने धुवावा. नवी नळी पितळेच्या पत्र्याची करून घेतली तर उत्तम, पण भोकांचे माप आणि जागा जुन्या नळीप्रमाणेच ठेवावी. "जास्त पाणी जाऊ द्या" म्हणून कोणी पुढची भोके मोठी केली, तर पुन्हा टेल कोरडीच राहील.

हेड उतरवलेच आहे तर त्यावर सरळ पट्टी धरून फीलर गेजने (बारीक फट मोजायच्या पात्यांनी) वाक पाहावा. दीड हाताहून लांब ओतीव तुकडा दोनदा तापला की सरळ राहिला असेलच असे नाही. बोल्ट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानेच आवळावेत. थर्मोस्टॅट परत बसवा. तो काढल्याने मागच्या सिलिंडरला थेंबभरही जास्त पाणी मिळत नाही.

शेवटी पाण्याविषयी. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर जे पांढरे कवच चढते, तेच ब्लॉकमध्ये चढते, फक्त तेथे ते आपल्याला दिसत नाही. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण वापरा. गळती असेल तर आधी ती बंद करा. रोज नळाचे पाणी ओतत राहणे म्हणजे रोज चिमूटभर क्षार ओतणे आहे.

प्रश्न : आमच्याकडे १९५० च्या सुमाराची डॉज आहे. बॉनेट बरेच लांब असल्यामुळे इंजिन आठ सिलिंडरचे असावे, असे खरेदीदार म्हणतो. कसे ओळखावे? (वाचक, अक्कलकोट)

उत्तर : प्लग मोजा. सहा निघतील. डॉजने एका रांगेतील आठ सिलिंडरचे इंजिन १९३० ते १९३३ एवढ्याच काळात दिले, आणि प्लिमथने तर कधीच दिले नाही. सहा सिलिंडरचे हे इंजिन अत्यंत चिवट आहे. त्याला आठाचा मान नको.

प्रश्न : व्ही-८ इंजिने (चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा इंग्रजी व्हीच्या आकारात) तेव्हाही होती, मग एवढे लांब इंजिन करण्याचा अट्टहास कशासाठी? आणि ते बंद का झाले? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सोलापूर)

उत्तर : कॅडिलॅकचे व्ही-८ १९१४ पासून होते हे खरे, पण त्या काळच्या व्ही-८ चा क्रँकशाफ्ट (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा) एकाच प्रतलातला असे आणि इंजिन एका विशिष्ट वेगाला थरथरे. ही खोड कॅडिलॅकने १९२३ मध्ये एकमेकांशी नव्वद अंशांचा कोन करणाऱ्या क्रँकचा शाफ्ट आणून काढली. एका रांगेतील आठ सिलिंडरमध्ये, क्रँकची मांडणी योग्य असेल तर, वर-खाली होणारी वजने एकमेकांना पुरेपूर तोलतात. शिवाय दर नव्वद अंशांना एक स्फोट होतो, त्यामुळे एक धक्का संपण्यापूर्वीच दुसरा सुरू झालेला असतो. पॅकार्ड, ब्यूक आणि पाँटियाक या तिघांतही स्फोटांचा क्रम १-६-२-५-८-३-७-४ असाच आहे. उमेदवारीच्या काळात मी प्लगच्या दोन वायरी उलटसुलट लावल्या होत्या आणि कार्ब्युरेटरमधून निघालेल्या भडक्याने माझ्या भुवया गेल्या; तेव्हापासून हा क्रम पाढ्यासारखा पाठ आहे. सुस्थितीतले इंजिन मंद गतीवर चालू असताना हेडवर रुपयाचे नाणे कडेवर उभे राहते, हे मी स्वतः करून पाहिले आहे.

अमेरिकेत ड्यूसेनबर्गने १९२१ मध्ये आणि पॅकार्डने १९२३ मध्ये अशी इंजिने आणली. पुढे ड्यूसेनबर्गच्या जे मॉडेलला ४२० घन इंचांचे, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेले इंजिन मिळाले. सुपरचार्जर (सिलिंडरमध्ये हवा दाबून भरणारे यंत्र) लावलेल्या त्याच्या आवृत्तीसाठी कंपनी ३२० अश्वशक्तीचा दावा करी. असे एक ड्यूसेनबर्ग इंदूरच्या यशवंतराव होळकर दुसरे यांनी लंडनमध्ये बॉडी बांधून घेतले होते. लांब बॉनेट ही तेव्हा श्रीमंतीची खूणच होती, आणि खरे सांगायचे तर विक्रीत अभियांत्रिकीपेक्षा या खुणेचाच वाटा मोठा असावा.

बंद पडण्याचे कारणही लांबीच. ओली सोलापुरी चादर दोन टोकांना दोघांनी धरली की सहज पिळली जाते; लांब क्रँकशाफ्टही प्रत्येक स्फोटाला तसाच किंचित पिळतो आणि परत फिरतो. पुढच्या पुलीतला डॅम्पर हा पीळ शोषून घेतो, पण वेग आणि कॉम्प्रेशन (पेटण्यापूर्वी सिलिंडरमधले मिश्रण किती दाबले जाते ते प्रमाण) वाढवत नेले तर तोही पुरा पडत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर चांगल्या ऑक्टेनचे पेट्रोल मिळू लागले, तसे जास्त कॉम्प्रेशनचे इंजिन हवे झाले, आणि त्यासाठी आखूड, ताठ क्रँकशाफ्टचे व्ही-८ सोयीचे ठरले. १९४९ च्या कॅडिलॅक आणि ओल्डस्मोबिलने ते दाखवून दिले. ब्यूकचे शेवटचे स्ट्रेट-एट १९५३ चे, तर पाँटियाक आणि पॅकार्डचे १९५४ चे.

प्रश्न : माझी १९५१ ची पॅकार्ड सकाळी पटकन सुरू होते, पण पंढरपूरला जाताना वाटेत चहाला थांबलो की सेल्फ कुंथतो आणि इंजिन पेट घेत नाही. (वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. सेल्फ कुंथतो याचे कारण बहुधा बॅटरीच्या केबल्स. तुमची गाडी सहा व्होल्टची आहे, म्हणजे तेवढ्याच कामासाठी बारा व्होल्टच्या गाडीच्या दुप्पट प्रवाह लागतो, आणि बाजारात सहज मिळणारी केबल बारा व्होल्टच्या हिशोबाची, बारीक असते. बोटाएवढी जाड केबल घाला आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी साफ करा. बॅटरी बदलताना लक्षात ठेवा की पॅकार्डमध्ये पॉझिटिव्ह टोक चॅसीला जोडलेले असते.

पेट न घेण्याचे कारण पेट्रोलची वाफ. उभ्या गाडीत इंजिनाची सारी उष्णता बॉनेटखाली कोंडते आणि इंजिनावरच्या पेट्रोल पंपात (मिस्त्रींच्या भाषेत एसी पंपात) किंवा नळीत पेट्रोल उकळते. नळी एक्झॉस्टपासून दूर न्या, आणि थांबल्यावर बॉनेट उघडून ठेवा. हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने हा त्रास वाढतो. आपल्याच जिल्ह्याच्या उसाचे इथेनॉल असेल म्हणून अभिमान वाटावा; पण पंपातल्या जुन्या रबरी पडद्याला ते मानवत नाही. इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा पडदा मागवून घ्या, आणि तो येईपर्यंत इंजिन ऑइलच्या पट्टीला दर आठवड्याला पेट्रोलचा वास येतो का ते पाहत राहा, कारण फाटलेल्या पडद्यातून पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरते.