ऑईलचा लाल दिवा आणि न टाकता वाढलेलं ऑईल

प्रश्न: काका नमस्कार. माझ्याकडे २०१० ची कावासाकी निन्जा २५०आर आहे, कार्बोरेटरवाली, सेकंड हँड घेतलेली, ४१ हजार किमी झालेत. कामासाठी अडीच महिने बाहेरगावी होतो, गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. आल्यावर बॅटरी नवीन टाकली, गाडी लगेच चालू झाली, पण आता वीसएक मिनिटं चालवून सिग्नलला थांबलो की मीटरमधला ऑईलचा लाल दिवा लुकलुकतो आणि जरा रेस दिली की जातो. थंड असताना काही नाही. मेकॅनिकने प्रेशर स्विच बदलला, फरक नाही म्हणून परत दुसरा टाकला, आता म्हणतो वायरिंगचं काहीतरी आहे, बल्बच काढून टाकू, डोक्याला ताप नको. ऑईल कमी नाहीये हे मी स्वतः बघितलंय, इंजिनवरच्या ऑईलच्या काचेत वरच्या रेषेच्याही वर दिसतंय, आणि मधे मी एक थेंबही टाकलेला नाही. चालवत राहू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: नको. आणि हे उत्तर येईपर्यंत गाडी उभी ठेवली असेल तर बरंच झालं म्हणायचं.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही अगदी सहज लिहून टाकलंय. ऑईल वरच्या रेषेच्या वर आहे आणि मी टाकलेलं नाही. अहो मग ते वाढलं कसं? इंजिनात ऑईल कमी होतं, जळतं, गळतं, पण पावसाळ्यातल्या विहिरीसारखं आपोआप चढत नाही. वर चढलेलं ते बहुतेक पेट्रोल आहे. गाडी अडीच महिने उभी होती, कार्बोरेटरमधल्या फ्लोटची निडल (पेट्रोल अडवणारी सुई) नीट बसत नसणार, त्यात पेट्रोल कॉकचा डायफ्रॅमही (आतला रबरी पडदा) थकला असणार, म्हणजे टाकीतलं पेट्रोल थेंब थेंब करत कार्बोरेटरमधून सिलिंडरमध्ये आणि रिंगांच्या फटीतून खाली ऑईलमध्ये उतरत राहिलं. आता आत जे आहे त्याला ऑईल म्हणायचं का हाच प्रश्न आहे. थंड असताना थोडं तरी घट्ट असतं म्हणून दिवा गप्प, गरम झालं की पाण्यासारखं पातळ, आयडलिंगला पंप हळू फिरतो, प्रेशर बनत नाही, दिवा लागतो. रेस दिली की पंप जोरात फिरतो, दिवा जातो. सगळं जुळतंय बघा.

खात्री करायला पाच मिनिटं लागतात. ऑईल भरायचं झाकण उघडा आणि नाक जवळ न्या, पेट्रोलचा वास आला की संपलं. वास ओळखू येत नसेल तर जाडसर टिश्यू पेपरवर एक थेंब सोडा, चांगलं ऑईल डाग धरून बसतं, पेट्रोल मिसळलेलं असेल तर मधल्या डागाभोवती पातळ ओलसर कडं झपाझप पसरत जातं. आणि हो, बघायला काडी पेटवू नका, मोबाईलचा टॉर्च आहे ना. मी काडी पेटवणारे बघितलेत म्हणून सांगतोय.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण निम्मे लोक इथेच फसतात. हा दिवा ऑईल किती आहे ते सांगत नाही, प्रेशर आहे की नाही तेवढंच सांगतो. स्विच म्हणजे साधं काम, एक वायर, आणि दुसरं टोक इंजिनची बॉडीच. प्रेशर नसलं की आतले पॉइंट चिकटलेले, दिवा चालू. प्रेशर आलं की पडदा दाबला जातो, पॉइंट सुटतात, दिवा बंद. म्हणून चावी फिरवली की इंजिन चालू करायच्या आधी तो लागायलाच हवा, नाही लागला तर बल्ब किंवा वायर गेली समजा. आणि असले स्विच फार कमी प्रेशरला सुटतात, साधारण पाव ते अर्धा बार, म्हणजे टायरमधल्या हवेच्या मानाने काहीच नाही. म्हणजे दिवा बंद आहे याचा अर्थ प्रेशर झकास आहे असा नाही, पण दिवा लागला याचा अर्थ प्रेशर जवळजवळ गेलंच असा मात्र आहे.

तुमच्या मेकॅनिकने दोन स्विचचे पैसे लावायच्या आधी एक फुकटची टेस्ट करायला हवी होती. स्विचवरची रबरी टोपी सरकवून वायर काढायची, चावी ऑन, इंजिन बंद. वायर हवेत असताना दिवा विझला पाहिजे. तरीही चालूच राहिला तर वायर कुठेतरी सोलवटून बॉडीला लागतेय, मग वायरिंग शोधा. आता तीच वायर इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवा, दिवा लागला पाहिजे. दोन्ही बरोबर झालं तर वायरिंग निर्दोष, राहिला स्विच किंवा खरंच प्रेशर. त्यातलं कुठलं ते गेज लावून कळतं, स्विच काढायचा आणि त्याच भोकात मेकॅनिकल प्रेशर गेज. बऱ्याच जपानी इंजिनांना तिथे १/८ इंचाचे टेपर आटे असतात, अॅडॅप्टर मिळतो, नाही मिळाला तर लेथवाला बनवून देतो. तुमचा दिवा रेसबरोबर विझतोय आणि गरम झाल्यावरच लागतोय म्हणजे वायरिंगची शक्यता मला तरी फार कमी वाटते. वायरला आरपीएम, म्हणजे इंजिन किती जोरात फिरतंय ते, कळत नाही.

आता काय करायचं. ऑईल आत्ता बदलून उपयोग नाही, आधी गळती बंद करा, नाहीतर नवीन ऑईलही आठवड्यात तसंच. पेट्रोलचा पाईप कार्बोरेटरच्या बाजूने काढून रात्रभर रिकाम्या बाटलीत सोडून ठेवा (मोकळ्या जागेत, बंद पार्किंगमध्ये नको), इंजिन बंद असताना व्हॅक्यूमवाल्या कॉकमधून, म्हणजे इंजिनाच्या ओढीनेच उघडणाऱ्या कॉकमधून, काही यायला नको. सकाळी बाटलीत पेट्रोल दिसलं तर कॉक बदला. पण कॉक बदलला म्हणून निडल सोडू नका, या गाडीला दोन सिलिंडर आणि दोन कार्बोरेटर, दोन्हींच्या निडल काढून भिंगाखाली बघा, रबरी टोकावर गोल खाच पडलेली असेल तर ती गेली, नुसती साफ करून परत बसवण्यात अर्थ नाही. मग ऑईल आणि फिल्टर दोन्ही काढा, फिल्टरच्या रबरी रिंग नव्या घाला, मॅन्युअलमध्ये सांगितलेलं १०डब्ल्यू-४० (हा ऑईलच्या जाडीचा नंबर), डब्यावर जासो एमए (ओल्या क्लचच्या बाईकसाठीचा शिक्का) लिहिलेलंच, कारण याच ऑईलमध्ये क्लच भिजलेला असतो आणि कारचं गुळगुळीत ऑईल घातलं की तो घसरतो. दोनतीनशे किमी चालवून तेही काढून टाका, कोपऱ्यात राहिलेलं पेट्रोल त्याबरोबर जाईल. खर्च होतो, माहितीये. बेअरिंगपेक्षा कमी होतो.

लेव्हल बघताना गाडी साईड स्टँडवर नको, कुणालातरी सरळ धरायला सांगा, इंजिन बंद करून दोनचार मिनिटं थांबा, मग काचेत बघा, दोन रेषांच्या मधे. आयडलिंगही तपासा, या गाडीला १३०० आरपीएमच्या आसपास हवं, ॲव्हरेजच्या नादात कुणीतरी हजारावर आणून ठेवलेलं असतं आणि मग चांगल्या इंजिनातही दिवा डोळे मिचकावतो. कुणी म्हणेल जाड ऑईल घाला, २०डब्ल्यू-५०, दिवा जाईल. जाईलही. ताप आल्यावर थर्मामीटर बर्फात ठेवण्यासारखं आहे ते.

एवढं करूनही गरम आयडलला दिवा आला तर मग गेज लावा आणि आकडा मॅन्युअलशी ताडून बघा. खरंच कमी निघालं तर खालची जाळी चोंदली आहे का, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारी झडप) कचरा अडकून उघडा राहिलाय का, मग पंप, आणि सगळ्यात शेवटी क्रँकची बेअरिंग. या इंजिनात क्रँक शेल बेअरिंगवर फिरतो, म्हणजे धातू धातूला टेकू नये म्हणून मधे फक्त ऑईलचा थर, तो प्रेशरनेच टिकतो. स्प्लेंडरसारख्या गाडीत क्रँकला बॉल आणि रोलर बेअरिंग असतात, त्यांचं थोड्या ऑईलवर भागतं, म्हणून तिथे असला दिवाच नसतो.

माझं सांगतो. २००४ साली माझ्या जुन्या ट्विनवर (दोन सिलिंडरच्या गाडीवर) साताऱ्याहून येताना खंबाटकी उतरताना दिवा लागला. थांबायला हवं होतं. पण म्हटलं शिरवळपर्यंत जाऊ, तिथे गॅरेज आहे, आणि दामटली. शिरवळ आलं, गॅरेजही आलं, पण तोवर खालून कुणी हातोडीने ठोकतंय असा आवाज. इंजिन उघडलं तेव्हा क्रँकवरून अंगठा फिरवला तर कंगव्यासारखं लागत होतं, आणि शेलचे चकचकीत पापुद्रे ऑईलमध्ये, जत्रेतल्या चमकीसारखे. सगळी चूक माझी. ऑईल चारशे मिली कमी होतं, बस एवढंच. दिवा लागला की आधी किल स्विच, मग विचार.

आणि जर ऑईल फारच वर चढलेलं असेल तर सेल मारू नका. एखादा सिलिंडर पेट्रोलने भरलेला असला तर पिस्टन टक्कन अडकतो आणि रॉड वाकतो. प्लग काढून मगच इंजिन फिरवा.

प्रश्न: काका, माझी जुनी कास्ट आयर्न बुलेट आहे, वडिलांची. तिला ऑईलचा दिवाच नाही. पंप चालू आहे हे ओळखायचं कसं?
– एक वाचक, सांगली

उत्तर: वडिलांना विचारलंत का? त्या पिढीला हे यायचं. टॅपेटकडे जाणारी जी बारीक ऑईलची पाईप हेडवर येते ना, तिचा बॅन्जो बोल्ट (पाईपचं टोक हेडला धरणारा पोकळ बोल्ट) इंजिन आयडलिंगला असताना अर्धा आटा सैल करायचा, खाली फडकं धरून. थोड्या वेळात ऑईल झिरपायला लागलं पाहिजे. नाही आलं तर लगेच बंद. या गाडीत दोन पंप, एक ऑईल देणारा आणि एक परत खेचणारा, दोन्ही टायमिंग बाजूला, एकाच वर्म गिअरवर फिरतात. त्या वर्मचे दाते गेले की दोन्ही पंप एकदम थांबतात आणि गाडी तुम्हाला काहीही कळवत नाही, नेहमीसारखी डुगडुगत राहते. इंजिन उघडून बांधल्यावर पहिल्यांदा चालू करताना ही टेस्ट करायचीच. बोल्ट परत आवळताना तांब्याचे वॉशर विसरू नका, आणि जोर लावू नका, हेडचे आटे गेले तर ते मोठं काम.

प्रश्न: आमच्याकडे अजून कायनेटिक होंडा चालू स्थितीत आहे, आई भाजीला नेते. ब्रेक मारला की ऑईलचा दिवा लागतो, परत विझतो. वरचं उत्तर हिलाही लागू का? इंजिन गेलं की काय?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: काही झालेलं नाही, हा दिवा वेगळा. टू-स्ट्रोक गाडीत प्रेशर वगैरे नसतं, ऑईलच्या टाकीत एक फ्लोट असतो, लेव्हल खाली आली की दिवा. ब्रेकला ऑईल पुढे सरकतं, फ्लोट खाली जातो, म्हणून लुकलुक. टू-टी ऑईल भरा, झालं. फोर-स्ट्रोकचं घरात पडलंय म्हणून ते ओतू नका. फक्त टाकी पूर्ण कोरडी होऊ देऊ नका, पाईपमध्ये हवा शिरली तर भरल्यावरही ऑईल पंपापर्यंत पोचत नाही आणि पिस्टन जॅम होतो. कधी तसं झालंच तर पंपाची हवा काढून घ्या आणि पाईपमध्ये बुडबुडे दिसायचे थांबेपर्यंत पेट्रोलमध्येच लिटरला २० मिली टू-टी मिसळून चालवा. धूर जास्त येईल, आईंना आधी सांगून ठेवा.