गुडघे, वारा आणि एक बंद पडलेली रेल्वे: तुमचे सायकलप्रश्न

मागच्या अंकात मी पारेंझानाबद्दल दोन पानं लिहिली आणि पत्रांचा ढीग आला. ज्यांचं वाचायचं राहिलंय त्यांच्यासाठी एका दमात सांगतो. इटलीच्या त्रिएस्तेपासून स्लोव्हेनियातून क्रोएशियातल्या पोरेच गावापर्यंत १२३ किलोमीटरची एक नॅरोगेज रेल्वे होती, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राजवटीत बांधलेली. १९०२ साली सुरू झाली, ३१ ऑगस्ट १९३५ ला बंद पडली, रूळ उचलले, आणि आता त्याच मार्गावर सायकल चालवतात. थोडा रस्ता समुद्राला लागून, बाकीचा जंगल आणि द्राक्षमळ्यांतून. सगळ्या पत्रांना उत्तर देणं शक्य नाही, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

वय ६१, उजव्या गुडघ्याची कुरकुर आहे. आम्ही दोघं रविवारी पाम बीच रोडने वाशी ते बेलापूर आणि परत इतकंच चालवतो. मुलगा म्हणतो जा, डॉक्टर म्हणतात चढ टाळा. फोटोत तर डोंगर दिसतायत. काय करावं? (एक वाचक, वाशी)

काकू, फोटोत डोंगर आहेत हे खरं, पण तुम्ही जाणार आहात आगगाडीच्या वाटेने, आणि आगगाडीला तुमच्या गुडघ्यापेक्षा चढाची जास्त भीती. वाफेचं इंजिन डबे ओढत न्यायचं म्हणजे इंजिनिअर लोकांनी डोंगराला सरळ भिडायचंच नाही असं ठरवलेलं असतं, वळसे घाल, बोगदा काढ, पूल बांध, पण चढ वाढू द्यायचा नाही. पारेंझानाचा जास्तीत जास्त चढ हजाराला अठ्ठावीस, म्हणजे एक किलोमीटर चाललात की फार तर २८ मीटर वर. आपली माथेरानची गाडी आठवा, तिथे वीसास एक चढ आहे, किलोमीटरला पन्नास मीटर. म्हणजे माथेरानच्या जवळपास निम्माच. आणि येऊरचा रस्ता तर मी धरतच नाही, तो सायकलवाल्यांचा छळ करायलाच केलाय असं माझं मत आहे.

पण एक सांगायलाच हवं, चढ हलका असला तरी लांब आहे. स्लोव्हेनियातल्या सेचोव्हल्येच्या मिठागरापाशी तुम्ही समुद्रसपाटीला असता आणि क्रोएशियातल्या ग्रोझ्न्यान गावाला २९३ मीटरवर, तेही हळूहळू, संपता संपत नाही असं. पाम बीचवर तुमचे पाय गिअर न बदलता तासभर चालतात, इथे सगळ्यात हलका गिअर टाकून गप्पा मारत जायचं. माझी पट्टी साधी आहे, पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर तुम्ही जोरात चालवताय. दिवसाला ३० किलोमीटर धरा, चौथ्या दिवशी पूर्ण सुट्टी. आणि सीट थोडी वर घ्या हो, आपल्याकडे सगळेच सीट इतकी खाली ठेवतात की गुडघा छातीला लागतो, मग कुरकुर करणार नाही तर काय. पॅडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. डॉक्टरांना हा चढाचा आकडा दाखवा आणि मग विचारा.

तरीही नकोच वाटलं तर इटलीतच लिगुरियाच्या किनाऱ्यावर ओस्पेदालेत्ती ते सान लोरेन्झो अल मारे असा २४ किलोमीटरचा सायकलमार्ग आहे, तोही जुन्या रेल्वेचाच, २००१ साली गाडी आतल्या नव्या मार्गावर नेली आणि समुद्रालगतची जागा मोकळी झाली. जवळजवळ सपाट, सतत समुद्र, मध्ये सानरेमो. जंगल मात्र तिथे नाही.

१२३ किमी मी एका दिवसात मारतो. ठाणे-लोणावळा-ठाणे केलंय. तुम्ही सात दिवस का सांगताय, टाइमपास आहे का? (ऐरोली)

हो, टाइमपासच आहे!

मित्रा, तू करशील एका दिवसात, मला शंका नाही. पण ही गाडीसुद्धा इतकी हळू चालायची की लोक उतरून मळ्यातली फळं तोडायचे आणि परत चढायचे असं तिकडे अजून सांगतात. आणि तू जे पाहणार नाहीस त्यातलं एक सांगतो. ऐरोलीवरून मुलुंडकडे येताना तुला मिठागरं दिसतात ना? सेचोव्हल्येला तशीच आहेत, शेकडो वर्षं जुनी, आणि तिथे खाली एक पेटोला नावाचा थर असतो, शेवाळ, जिप्सम आणि खनिजांचा, तो मुद्दाम जोपासतात म्हणजे मिठात चिखल मिसळत नाही, पांढरंशुभ्र निघतं. हा थर पायाने फाटू नये म्हणून माणसं फळीसारख्या लाकडी चपला घालून वावरतात आणि लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने मीठ ओढतात. मी बांधावर सायकल टेकवून बसलो होतो, एक बाई ओढत होत्या, फावडं पाण्यातून सरकताना सर्र असा बारीक आवाज, मग थांबणं, मग परत सर्र. पाऊण तास गेला. माझे आजोळचे लोक पेणकडचे, मिठागरातली कामं लहानपणी पाहिलेली, त्यामुळे मला जरा जास्तच गुंतायला झालं असेल, पण ताशी तीसने गेला असतास तर तुला फक्त पांढरे चौकोन दिसले असते.

तसंच क्रोएशियातल्या मोतोवुनचं. मिर्ना नदीच्या खोऱ्यात ओकचं दाट जंगल आणि त्याच्यावर टेकडीच्या टोकाला तटबंदीचं गाव. या जंगलात जमिनीखाली ट्रफल नावाची अळंबी सापडते, कुत्रा घेऊन शोधतात. २ नोव्हेंबर १९९९ ला जानकार्लो झिगान्ते यांच्या दियाना नावाच्या कुत्रीने तब्बल १ किलो ३१० ग्रॅमचं पांढरं ट्रफल हुंगून काढलं, गिनीज बुकात नोंद झाली. त्याचा वास कसा, तर बंद हिंगाच्या डबीचं झाकण उघडल्यावर पहिला भपकारा येतो ना, त्याच्या शेजारपाजारचा. काहींना वेड लागतं, माझ्या बायकोने खिडकी उघडली.

लांब पल्ल्याचीच खाज असेल तर पारेंझाना ज्याचा छोटा तुकडा आहे तो युरोवेलो ८ नावाचा सायकलमार्ग घे, स्पेनच्या कादिझपासून भूमध्य समुद्राच्या कडेकडेने, साडेसात हजार किलोमीटरच्या घरात. मग पत्र लिही.

स्वतःची सायकल न्यावी की तिथे भाड्याने? माझी ई-बाइक आहे. (कळवा)

ई-बाइक विसरा. विमानात १६० वॉट-अवरच्या वरची बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही आणि ई-बाइकच्या बॅटऱ्या साधारण चारशे-पाचशेच्या असतात. तिथे ई-बाइक भाड्याने मिळते, तीच घ्या.

साधी सायकल नेता येते, बॉक्समध्ये घालून, पण एक लक्षात घ्या. स्लोव्हेनियाच्या बाजूला बहुतेक डांबर आहे, क्रोएशियात शिरलात की खडी-मुरूम, काही ठिकाणी मुठीएवढे दगड. रोडबाइकचं २५ मिलिमीटरचं टायर तिथे तुम्हाला रडवेल. ४० च्या आसपासचं टायर, मडगार्ड, मागे कॅरिअर, एवढं असलेली हायब्रिड किंवा ट्रेकिंग सायकल हवी. नसेल तर भाड्याने. घेताना दोन्ही ब्रेक स्वतः दाबून पाहा, पंप आणि पंक्चर किट मागून घ्या आणि पंप त्या ट्यूबच्या व्हॉल्व्हला बसतोय का ते दुकानातच बघा. मी बघितलं नव्हतं. दुकानाचं नाव नको, माणूस भला होता, पंप मात्र दुसऱ्याच सायकलचा होता, आणि मी ओप्रताल्यच्या अलीकडे सहा किलोमीटर सायकल ढकलली.

तीन देश म्हणजे तीन व्हिसा का? आणि तिकडे उजवीकडून चालवायचं, सवय कशी होणार? (नेरूळ आणि चरई, दोन पत्रं)

व्हिसा एकच, शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला शेंगेनमध्ये आला आणि त्याच दिवशी युरोही सुरू झाला, त्यामुळे आता सीमेवर सायकल थांबवावी लागेलच असं नाही आणि पैसेही बदलायला नकोत. जुनी प्रवासवर्णनं वाचून कुना, म्हणजे क्रोएशियाचं जुनं चलन, शोधत बसू नका. अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे करायचा, रात्री सारख्याच झाल्या तर जिथून आत शिरणार तिथे. मोठ्या माणसाची फी ९० युरो, ३० हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स सक्तीचा, आणि अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तो वेळेत करा, मे महिन्यात सगळा ठाणे जिल्हा युरोपला निघालेला असतो.

उजव्या बाजूचं मात्र मनावर घ्या. रहदारीत असताना चूक होत नाही, बाकीचे उजवीकडून चाललेले दिसतात, आपणही जातो. चूक होते रिकाम्या रस्त्यावर, थांबून परत निघताना. बुयेला मी कॉफी प्यायलो, मजेत निघालो, गाणं गुणगुणत, आणि वळणावर समोर दुधाचा टेम्पो, माझ्याच बाजूला. म्हणजे त्याच्या बाजूला, मी चुकीच्या. हॉर्न काय वाजवला त्याने, आणि खिडकीतून जे बोलला ते भाषा न येताही कळलं. त्या संध्याकाळी मी हँडलच्या उजव्या मुठीला लाल रुमाल बांधला, पुढे रोज निघताना आधी रुमाल बघायचा आणि मग पॅडल मारायचं. हसाल, पण करा. चौकात, गोल सर्कलला डावीकडून येणाऱ्याकडे आधी बघायचं, आपल्या मानेला ते उलटं पडतं.

आणखी एक, बोगद्यांसाठी लाइट हवाच, पुढे पांढरा मागे लाल. पोर्तोरोझच्या अलीकडचा बोगदा साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, आतल्या दिव्यांच्या भरवशावर राहू नका. इटलीत तर बोगद्यात, आणि रात्री गावाबाहेर, सायकलवाल्याने रिफ्लेक्टर जॅकेट घालावं असा कायदाच आहे. अडचण आली तर तिन्ही देशांत ११२.

शाकाहारी माणसाने जगायचं कसं? (घणसोली)

मजेत. फुझी नावाचा हाताने वळलेला पास्ता, ब्लित्वा म्हणजे पालेभाजी-बटाटा-लसूण-ऑलिव्ह तेल, जी मला थेट घरची वाटली, चीज, टोमॅटो, अंजीर, पॅनकेक. फक्त मानेश्त्रा हे मक्याचं-राजम्याचं सूप दिसायला निष्पाप असतं आणि आत बहुतेकदा डुकराचं हाड शिजवलेलं, विचारून घ्या. दुपारी गावातली छोटी दुकानं बंद मिळू शकतात, रविवारी तर जास्तच, शनिवारी ब्रेड घेऊन ठेवा. थेपले न्या, त्याला तोड नाही, मराठी माणसाने हे मान्य करायला हरकत नाही.

कधी जावं? जंगलात आणि समुद्रात काही धोका? (कोपरखैरणे)

आधी तुमच्यासाठीच एक, वाटेत कोपर नावाचं शहर लागतं, पाटीखाली फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकाच.

मे-जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टला ऊन आणि गर्दी दोन्ही नको होतात. हिवाळ्यात बोरा सुटतो, ईशान्येकडून डोंगरावरून समुद्रावर कोसळणारा कोरडा थंड वारा, झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातात. १९१० साली त्याने त्रिएस्तेजवळच्या मुजा गावापाशी हीच गाडी रुळावरून उलथवली होती. गाडी उलटते तिथे सायकलचं काय. उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून छान झुळूक असते, त्रिएस्तेकडून पोरेचकडे गेलात तर किनाऱ्यावर ती बहुतेक पाठीवर येते, म्हणून दिशा तीच ठेवा. पोरेचला पोचल्यावर सहाव्या शतकातली युफ्रेशियन बॅसिलिका आहे, सोनेरी मोझेक आहेत, अंघोळ करून जा.

जंगलात गवतात बसलात तर रात्री गोचीड बघायची, गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली, काखेत. सापडली तर चिमट्याने कातडीला अगदी लागून धरून सरळ ओढायची, तेल-काडेपेटी असले उद्योग नकोत. समुद्र खडकाळ आहे, पाण्यात काळे काटेरी सी-अर्चिन चिकटलेले असतात, रबरी बूट घालूनच उतरा.

तयारी ठाण्यातच करायची तर कशी? (कोपरी)

वेग वाढवू नका, वजन वाढवा. सामान घेतलेली सायकल वेगळीच वागते, वळताना मागून कोणीतरी ओढतंय असं वाटतं, उतारावर ब्रेक उशिरा लागतो. दोन्ही पॅनियरमध्ये, म्हणजे कॅरिअरच्या दोन बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांमध्ये, चार-चार किलो तांदूळ भरा आणि पहाटे उपवनला तलावाभोवती फिरा, मग घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत, ट्रक सुरू व्हायच्या आत परत. दोन महिने, आठवड्यातून तीनदा. तांदूळ जाड प्लास्टिकमध्ये नीट बांधा. माझी पिशवी वर्तकनगर नाक्याला स्पीडब्रेकरवर फुटली आणि सिग्नलपर्यंत मागे कबुतरांची रांग होती.