वाचकांचे प्रश्न : युरोपची आर्थिक क्रमवारी कशी वाचावी?

युरोपातल्या देशांची आणि प्रदेशांची आर्थिक तुलना या विषयावर बरेच प्रश्न आले. त्यातले सहा इथे घेतले आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : अंशात कोणाची कमाई मोजली आणि छेदात कोणाची डोकी मोजली, हे न पाहता क्रमवारी वाचली जाते.

प्रश्न : दरडोई उत्पन्नाच्या युरोपीय यादीत लक्झेंबर्ग आणि आयर्लंड कायम सगळ्यात वर असतात. तिथला माणूस खरोखरच जर्मन माणसाच्या दुप्पट श्रीमंत आहे का?

नाही. मुळात ती यादी उत्पन्नाची नसतेच. ती देशाच्या हद्दीत झालेल्या उत्पादनाची, म्हणजे जीडीपीची असते. दरडोई जीडीपीला आपण सवयीने ‘उत्पन्न’ म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

लक्झेंबर्गमध्ये पगारावर काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक रोज सकाळी फ्रान्स, जर्मनी किंवा बेल्जियममधून येतात आणि संध्याकाळी घरी परततात. ही संख्या दोन लाखांच्या वर आहे. त्यांनी केलेलं काम लक्झेंबर्गच्या जीडीपीत धरलं जातं, पण भागाकार करताना ते लक्झेंबर्गच्या लोकसंख्येत नसतात. अंश मोठा, छेद छोटा, म्हणून आकडा फुगतो. सरहद्दीपलीकडच्या फ्रेंच गावांत नेमकं उलटं होतं. माणसं तिथे मोजली जातात आणि त्यांचं उत्पादन शेजारच्या देशात.

आयर्लंडची गोष्ट वेगळी आहे. जुलै २०१६ मध्ये तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने २०१५ सालची जीडीपी वाढ २६.३ टक्के असल्याचं जाहीर केलं. एका वर्षात देशातले कारखाने आणि कामगार पावपटीने वाढले नव्हते. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंट आणि तत्सम बौद्धिक संपदा आपल्या आयरिश शाखांच्या नावावर आणली होती, आणि त्या संपदेवरची जगभरची कमाई आयर्लंडच्या खात्यात दिसू लागली.

इथे बरेच जण म्हणतात, मग जीडीपी सोडून सकल राष्ट्रीय उत्पन्न घ्या, त्यातून परदेशी मालकांचा नफा वजा होतो. बरोबर आहे, पण अर्धंच. नफा मोजण्याआधी त्या बौद्धिक संपदेवरचा घसारा (वापराने दरवर्षी कमी होत जाणारी किंमत) काढलेला असतो, आणि तो घसारा ‘सकल’ आकड्यात मागे राहतो. म्हणून आयर्लंडने २०१७ पासून ‘सुधारित सकल राष्ट्रीय उत्पन्न’ असा स्वतंत्र आकडा द्यायला सुरुवात केली. त्यातून तीन गोष्टी वगळतात : बाहेरून आणलेल्या बौद्धिक संपदेवरचा घसारा, भाडेपट्ट्याने दिलेल्या विमानांवरचा घसारा, आणि फक्त मुख्यालय आयर्लंडला हलवलेल्या कंपन्यांचा नफा. फरक किती पडतो ते कर्जाच्या प्रमाणावरून कळतं. आयर्लंडचं २०२३ चं सरकारी कर्ज जीडीपीच्या निम्म्याहून कमी दिसतं. सुधारित उत्पन्नाशी ताडलं तर तेच कर्ज सुमारे तीन-चतुर्थांश भरतं. मात्र हा आकडा आयर्लंडपुरताच आहे. तो डेन्मार्कच्या जीडीपीशेजारी ठेवून क्रमवारी लावू नका.

लोकांचं राहणीमान पाहायचं असेल तर युरोस्टॅटचा, म्हणजे युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाचा, ‘प्रत्यक्ष वैयक्तिक उपभोग’ हा आकडा घ्या. त्यात कुटुंबांच्या खर्चाबरोबर सरकारने प्रत्येकाला पुरवलेलं शिक्षण आणि आरोग्यसेवाही धरतात, त्यामुळे दवाखान्याचं बिल एका देशात सरकार भरतं आणि दुसऱ्या देशात विमा, हा फरक आड येत नाही. या मापावर लक्झेंबर्ग युरोपीय संघाच्या सरासरीपेक्षा साधारण एकतृतीयांशाने वर राहतं, दुपटीने नाही. आयर्लंड तर सरासरीच्या आसपास किंवा तिच्या खाली येतं.

प्रश्न : क्रयशक्तीनुसार, म्हणजे देशादेशांतल्या किंमतींचा फरक काढून टाकून, काढलेला दरडोई आकडा स्वतः कसा पडताळून पाहायचा?

तीन गोष्टी लागतात : देशाचा दरडोई जीडीपी युरोत, त्या देशाची किंमतपातळी, आणि संघाची सरासरी. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. एका देशाचा दरडोई जीडीपी १५,००० युरो आहे आणि संघाची किंमतपातळी १०० धरली तर त्याची ६० आहे. १५,००० ला ०.६० ने भागा, २५,००० आले. हे झाले क्रयशक्ती एकक. संपूर्ण संघासाठी एक एकक म्हणजे एक युरो अशी त्याची रचना असते. संघाची सरासरी ३५,००० असेल तर या देशाचा निर्देशांक ७१ येतो. नुसत्या युरोत तुलना केली असती तर तो ४३ आला असता.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे घरगुती खर्चाची किंमतपातळी घेऊन जीडीपीला भाग देणे. जीडीपीत बांधकाम, यंत्रसामग्री आणि सरकारी सेवाही येतात, म्हणून जीडीपीची किंमतपातळी वेगळी असते आणि ती स्वतंत्र दिलेली असते. दुसरी चूक जास्त महागात पडते. क्रयशक्ती एककातले दोन वर्षांचे आकडे घेऊन त्यांच्यातून ‘वाढीचा दर’ काढला जातो. दरवर्षी किंमतींचं परिमाणच नव्याने ठरतं, त्यामुळे हे आकडे एका वर्षात अनेक देश शेजारी ठेवण्यासाठी आहेत. एकाच देशाची वर्षागणिक वाढ पाहायची असेल तर स्थिर किंमतींची, म्हणजे महागाईचा परिणाम काढून टाकलेली, मालिका घ्या.

आणखी एक. किंमतींची पाहणी वस्तू-सेवांचे गट पाडून तीन वर्षांच्या फेरीत होते, तीही मुख्यतः राजधान्यांमध्ये, आणि मग तिला देशाच्या सरासरीशी जुळवून घेतात. सरकारी प्रशासनाला बाजारभाव नसतो, तिथे पगारांची तुलना करून काम भागवतात. अशा मोजमापात ८९ आणि ९१ यांत पुढे कोण, मागे कोण, हे ठरवणं धाडसाचं आहे. दोन देशांत पाचेक अंकांचा फरक नसेल तर त्यांना एकाच पायरीवर मानावं, असं आमचं मत आहे.

प्रश्न : २०१६ च्या आकड्यांत ‘इनर लंडन पश्चिम’ हा प्रदेश संघाच्या सरासरीच्या ६११ टक्के आणि बल्गेरियाचा वायव्य प्रदेश २९ टक्के होता. ही वीसपट दरी खरी मानायची का?

दरी खरी आहे, वीसपट मात्र नाही.

लंडनच्या आकड्यात लक्झेंबर्गचंच गणित जास्त तीव्रतेने चालतं. कामाची जागा मध्यभागी, घरं उपनगरात आणि आसपासच्या काउंट्यांत. प्रादेशिक जीडीपी नेहमी कामाच्या ठिकाणी नोंदवतात. म्हणून प्रदेशातल्या लोकांची मिळकत हवी असेल तर घरगुती खर्चयोग्य (कर वगैरे वजा जाता हातात उरणाऱ्या) उत्पन्नाची प्रादेशिक मालिका पाहा, ती राहत्या जागेनुसार असते. प्राग आणि भोवतालचा मध्य बोहेमिया यांचा जीडीपी शेजारी ठेवला तर दोन वेगळे देश वाटतात. उत्पन्नात ही दरी बरीच भरून येते.

मग येतो हद्दींचा प्रश्न. युरोपात प्रदेशांची तीन पायऱ्यांची अधिकृत विभागणी आहे. मधल्या पायरीच्या प्रदेशात ८ लाख ते ३० लाख लोक असावेत असा दंडक आहे, पण देशांचे प्रशासकीय विभाग त्यात बसवताना ओढाताण होते. १.२ कोटींहून जास्त वस्तीचा पॅरिसचा इल-द-फ्रान्स हा एक प्रदेश. फिनलंडची ३० हजार वस्तीची ऑलँड बेटं हाही एक प्रदेश. शहर आणि त्याची उपनगरं एकाच प्रदेशात आली तर सरासरी शांत राहते. शहर वेगळं काढलं की ते आकाशाला भिडतं आणि भोवतालचा भाग खाली जातो.

पोलंडने हेच जाणूनबुजून केलं. माझोव्हियाच्या मोठ्या प्रांतात वॉर्सामुळे सरासरी वर राहायची आणि दूरची गरीब गावं झाकली जायची. २०१८ पासून लागू झालेल्या विभागणीत वॉर्सा आणि लगतचा परिसर वेगळा झाला, उरलेला भाग वेगळा. युरोपीय संघ प्रदेशांना देतो त्या २०२१-२७ च्या निधीवाटपात वॉर्सा ‘अधिक विकसित’ ठरलं आणि उरलेला भाग ‘कमी विकसित’. या वाटपात दरडोई जीडीपी सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली असलेले प्रदेश कमी विकसित, ७५ ते १०० मधले संक्रमणातले आणि १०० च्या वरचे अधिक विकसित मानले गेले. रेघ कुठे ओढली यावर एवढा पैसा अवलंबून असतो, म्हणून नकाशातली रेघही आकड्याइतक्याच काळजीने तपासावी. सरासरी हलली तरी हेच घडतं. २००४ मध्ये दहा नवे देश संघात आले, सरासरी खाली घसरली, आणि जुन्या देशांतले काही प्रदेश एक युरोही जास्त न कमावता ७५ टक्क्यांच्या वर गेले. त्यांना २००७-१३ मध्ये टप्प्याटप्प्याने कमी होणारी वेगळी मदत द्यावी लागली.

प्रदेशांच्या तुलनेत सगळ्यात जास्त दुर्लक्षिलेली बाब वेगळीच आहे. क्रयशक्तीची दुरुस्ती करताना देशाची एकच किंमतपातळी सगळ्या प्रदेशांना लावतात. मिलानमधलं घरभाडं आणि कालाब्रियातलं घरभाडं सारखंच धरलं जातं. त्यामुळे महागडे प्रदेश प्रत्यक्षापेक्षा श्रीमंत दिसतात आणि स्वस्त प्रदेश प्रत्यक्षापेक्षा गरीब. लंडनच्या आकड्यातला काही भाग इथूनही आला आहे.

शेवटी एखादी खाण किंवा एखादी कंपनी. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनचा जीडीपी वर्षानुवर्षं नैसर्गिक वायूमुळे उंच दिसायचा, पण वायूचा पैसा तिथल्या घरांत राहत नव्हता. जर्मनीत फोक्सवागनच्या मुख्यालयामुळे वोल्फ्सबुर्ग असाच उठून दिसतो. अनेक प्रदेशांत पसरलेल्या कंपनीचं उत्पादन बहुधा पगारांच्या किंवा कामगारसंख्येच्या प्रमाणात वाटून देतात, म्हणजे मुख्यालयातले मोठे पगार तिथला आकडा आणखी वर ओढतात.

प्रश्न : जर्मनीची २०२३ ची बेरोजगारी कुठे तीन टक्के लिहिली आहे, कुठे ५.७. खरी कोणती?

दोन्ही. तीन टक्के हा आंतरराष्ट्रीय व्याख्येचा, घरोघरच्या पाहणीतून आलेला आकडा आहे. त्या आठवड्यात एक तासही मोबदल्यासाठी काम केलं नाही, गेल्या चार आठवड्यांत काम शोधलं आणि दोन आठवड्यांत रुजू होता येईल, तरच माणूस बेरोजगार. ५.७ हा जर्मन रोजगार कार्यालयात नाव नोंदवलेल्यांचा आकडा. तिथे आठवड्याला १५ तासांपेक्षा कमी काम करणाराही बेरोजगार म्हणून नोंदलेला राहू शकतो. देशांची तुलना करायची असेल तर पहिला घ्या.

तरुणांच्या बेरोजगारीतही छेद पाहा. २०१३ मध्ये स्पेनचा दर ५५ टक्क्यांच्या वर गेला, तेव्हा ‘निम्म्याहून जास्त तरुण बेकार’ असं छापून आलं. दर काढताना छेदात फक्त काम करणारे आणि काम शोधणारे असतात, कॉलेजात शिकणारे बहुतेक जण नसतात. १५ ते २४ वयाच्या सगळ्या तरुणांशी प्रमाण काढलं तर ते सुमारे एकपंचमांश होतं. तेही गंभीरच होतं, पण ‘दर दोघांत एक’ नव्हतं.

प्रश्न : सप्टेंबर २०२२ मध्ये नेदरलँड्सची महागाई १७.१ टक्के होती. फ्रान्सपेक्षा डच लोकांना खरंच एवढी झळ बसली का?

फ्रान्सने वीज आणि वायूच्या दरवाढीवर मर्यादा घातली होती, हे एक कारण. दुसरं मोजण्याच्या पद्धतीत होतं. डच सांख्यिकी कार्यालय तेव्हा ऊर्जेचे फक्त नव्या करारांचे दर धरत असे. जुन्या, ठरलेल्या दराच्या करारावर असलेली लाखो घरं ती वाढ त्या महिन्यात भरतच नव्हती. जून २०२३ पासून ग्राहक प्रत्यक्ष मोजत असलेले दर धरायला सुरुवात झाली. आधी चढवलेला आकडा मग उलटा फिरला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये युरोपीय सुसंगत निर्देशांकानुसार (सगळ्या देशांत एकाच पद्धतीने काढलेला महागाईचा निर्देशांक) डच महागाई उणे १ टक्का दिसली. अशा वेळी एक महिना न पाहता दोन-तीन वर्षांची एकत्रित किंमतवाढ पाहावी. शिवाय युरोपीय सुसंगत निर्देशांकात स्वतःच्या घरात राहण्याचा खर्च धरत नाहीत, जर्मनीच्या राष्ट्रीय निर्देशांकात धरतात. दोन्ही मिसळू नका.

प्रश्न : युरोस्टॅटचे तक्ते उतरवून घेतल्यावर आधी काय तपासावं?

आधी एककाचा रकाना. चालू किंमती, स्थिर किंमती आणि क्रयशक्ती एकक हे तिन्ही एकाच तक्त्यात निवडता येतात आणि चुकीची निवड सहज होते. युरो न वापरणाऱ्या देशाची वाढ चालू युरोत काढली तर त्यात चलनाची घसरणही मिसळते. मग सरासरी कोणत्या संघाची : ब्रिटनसह २८ देशांची की २०२० नंतरच्या २७ ची.

त्यानंतर आकड्याशेजारचं छोटं अक्षर पाहा. ‘बी’ म्हणजे मालिकेत खंड, त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे जोडू नका. ‘पी’ तात्पुरता, ‘ई’ अंदाजित, ‘यू’ कमी भरवशाचा. नुसतं अपूर्णविरामासारखं चिन्ह असेल तर माहिती उपलब्ध नाही, ते शून्य नव्हे. स्प्रेडशीटमध्ये ते शून्य होऊन बसलं तर पूर्ण सरासरी बिघडते.

तिमाही वाढ वाचताना ती मागच्या तिमाहीशी आहे की वर्षापूर्वीच्या तिमाहीशी, हे पाहा. अमेरिका तिमाही वाढ वार्षिक दरात सांगते, युरोप सांगत नाही. युरोपचे ०.४ टक्के अमेरिकी रीतीने १.६ होतात. पहिला अंदाज तिमाही संपल्यावर साधारण ३० दिवसांत येतो आणि पुढे बदलत राहतो. प्रादेशिक आकडे देशांच्या आकड्यांपेक्षा वर्ष-दोन वर्षं मागे असतात, त्यामुळे तक्ता उतरवल्याची तारीख फाइलच्या नावातच लिहून ठेवा. नॉर्वे तुलनेत असेल तर तेल आणि सागरी वाहतूक वगळलेला ‘मुख्य भूमी’चा जीडीपी त्यांचं सांख्यिकी कार्यालय वेगळा देतं. तेलाचे भाव चढले किंवा पडले त्या वर्षी तोच घ्या.